पेन्शन आल्यावर पहिलं काय? माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

गेल्या श्रावणात आमच्या ओट्यावर एक काकू आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत तीस वर्षांची कागदं. मुलगा दारातच उभा, आईला सारखा म्हणत होता, "चल गं, काही होत नाही यातून." काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आलेले, म्हणजे निवृत्त झालेले, वारून चार महिने झालेले. त्यांची पेन्शन बंद झाली होती आणि काकूंची फॅमिली पेन्शन सुरू होत नव्हती. पिशवी सतरंजीवर उलटी केली. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या नोंदींच्या पुस्तकात, बायकोचं नाव शांता. आधारवर शांताबाई. बँकेच्या पासबुकात शांताबाई, आणि पुढे नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव. जन्मतारीख डिस्चार्ज बुकात १ जून, आधारवर १ जानेवारी.

१ जून कुठून आली हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. निम्म्या गावाचा वाढदिवस मास्तरांनी त्याच दिवशी लावलाय. आधार काढताना तारीख माहीत नाही म्हटल्यावर नुसतं वर्ष टाकलं गेलं आणि कागदावर १ जानेवारी उमटली. सरकारच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या.

मी पलटणीत क्लर्की केली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. आता रविवारी ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. अशा चुकांपैकी काही माझ्याच हातून टाइप झाल्या असतील, हे मी नाकारत नाही. पण इतकी वर्षं कागदं चाळल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो: माजी सैनिकाच्या घराला पैसा नियमात नाही म्हणून क्वचितच अडतो. तो अडतो नावात, तारखेत आणि चुकीच्या दारात. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात योजना मागे आहेत आणि कागद पुढे.

आधी दारं ओळखा

नव्याने पेन्शन आलेला जवान आणि त्याच्या घरचे सगळ्यात जास्त हेलपाटे घालतात ते कुठलं काम कुठे होतं हे माहीत नसल्यामुळे. चार दारं आहेत.

पहिलं रेकॉर्ड ऑफिस. तुमचं नाव, नंबर, बायको, मुलं, जन्मतारखा यांची मूळ नोंद इथे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला. नौदलाच्या नाविकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करणारं दार हेच. बँकेत कितीही भांडा, तिथे ते दुरुस्त होत नाही.

दुसरं 'स्पर्श'. लष्कराची पेन्शन आता प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून या ऑनलाइन व्यवस्थेतून थेट खात्यात येते. पूर्वी बँक पेन्शन काढायची, आता बँक फक्त खातं सांभाळते. पेन्शनचा हिशेब, हयातीचा दाखला, मृत्यूची सूचना, फॅमिली पेन्शनचा अर्ज हे सगळं इथे.

तिसरं ईसीएचएस, माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे औषधपाणी.

चौथं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. प्रत्येक जिल्ह्याचं हे कार्यालय राज्याच्या सैनिक कल्याण विभागाखाली चालतं; विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यात घोरपडीला आहे. अधिकारी स्वतः माजी फौजी असतात. ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या, आर्थिक मदत, नोकरीसाठी नोंदणी, वसतिगृहात प्रवेश, घरपट्टी माफीचा दाखला ही कामं इथली. या कार्यालयाचे 'कल्याण संघटक' असतात, ते तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येतात. तो दिवस कुठला हे फोन करून विचारून घ्या. अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या, जिथे घरटी एक फौजी, अशा गावांत ही माहिती चावडीवरच मिळते. बाकीच्यांना जिल्ह्याला जाऊन परत यावं लागतं आणि मग कळतं, साहेब आज तुमच्याच तालुक्याला गेलेत.

सीमाभागातल्यांसाठी एक गोष्ट. केंद्राच्या योजना देशभर सारख्या आहेत, पण राज्याच्या योजना राहण्याच्या ठिकाणावर ठरतात. निपाणी किंवा बेळगावचा रहिवासी असाल तर कर्नाटकाचं कार्यालय, गोव्यात असाल तर गोवा सरकारचं. पलटण मराठा असली म्हणून महाराष्ट्राची घरपट्टी माफी तिथल्या घराला लागत नाही.

पेटी उघडा

प्रत्येक फौजीच्या घरी काळी ट्रंक असते, पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली. ती माळ्यावरून खाली काढा. आज काढा, तो माणूस धडधाकट समोर बसलेला असताना. आतून या वस्तू बाहेर घ्या: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (सुधारित पीपीओ आले असतील तर तेही सगळे), नवराबायकोचा जोडफोटो, आणि पार्ट टू ऑर्डरच्या प्रती.

ही पार्ट टू ऑर्डर काय असते ते घरच्यांना ठाऊक नसतं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, मूल गेलं, घटस्फोट झाला की युनिटमधून एक आदेश निघतो आणि ती घटना कायमची रेकॉर्डला चढते. ज्याची पार्ट टू निघाली नाही ते मूल फौजेच्या दृष्टीने जन्मलेलंच नाही. बारावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीची शिष्यवृत्ती केवळ यापायी गेलेली मी पाहिली आहे. बाप सुट्टीवरून गेला तेव्हा जन्मदाखला घेऊन गेला होता, पण तो कागद युनिटात कुणाच्या तरी खणात राहिला.

आता एक वही घ्या. एका पानावर उभ्या रेघा मारा. डावीकडे घरातल्या प्रत्येकाचं नाव. मग चार रकाने: डिस्चार्ज बुकात काय, आधारवर काय, पॅनवर काय, बँकेत काय. अक्षर न अक्षर उतरवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. सुनीता शेवटी एक 'ए' की दोन, हेसुद्धा. जन्मतारीख तशीच. अर्ध्या तासाचं काम आहे. जिथे रकाने जुळत नाहीत तिथे लाल खूण करा.

लाल खूण आली तर काय करायचं? माझा सल्ला: डिस्चार्ज बुकातली नोंद खरी असेल तर आधार बदला, रेकॉर्डला हात लावू नका. आधारवरची दुरुस्ती सोपी पडते. फक्त एवढं लक्षात ठेवा की आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून पहिल्याच फेरीला शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला बरोबर न्या. डिस्चार्ज बुकच चुकलं असेल तर माजी सैनिकाने स्वतः रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, लग्नाचा नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, म्हणजे त्यावर शिक्का असतो आणि पाठपुराव्याला माणूस असतो. पहिली बायको गेल्यावर किंवा पेन्शन आल्यावर लग्न केलं असेल तर तीही नोंद करून घ्या. पेन्शननंतर लग्न झालेली बायकोसुद्धा फॅमिली पेन्शनला पात्र असते, पण तिचं नाव रेकॉर्डला पाहिजे.

नवरा हयात असताना हे काम त्याच्या सहीवर होतं. तो गेल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, तलाठ्याचा दाखला आणि कधीकधी कोर्टसुद्धा लागतं.

घरात दिव्यांग मूल असेल तर हे आजच करा. अशा मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते आणि ईसीएचएसचं कार्डही वयाच्या अटीशिवाय चालू राहतं. पण दिव्यांगत्वाची नोंद आणि प्रमाणपत्र वेळेत झालेलं असावं लागतं. नंतर म्हाताऱ्या आत्याने किंवा चुलत भावाने ते सिद्ध करत बसणं फार अवघड जातं.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. वेळ लागतो, पण बदली कागद मिळतो. आणि कृपा करून डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. पुढच्या नोंदी कशावर लिहायच्या?

पहिले तीन महिने

घरी आल्यावर पाहुणे, पूजा, जेवणावळी उरकल्या की पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. तिथे नाव नोंदवा आणि माजी सैनिक ओळखपत्र काढा. विधवांसाठी वेगळं ओळखपत्र असतं. पुढचा जवळपास प्रत्येक अर्ज हे कार्ड विचारतो.

त्याच फेरीत नोकरीसाठीही नाव घाला. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या खात्यांत गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँका आणि केंद्राच्या उपक्रमांत ते अनुक्रमे १४.५ आणि २४.५ टक्के, त्यातले ४.५ टक्के दिव्यांग माजी सैनिक आणि कामी आलेल्यांच्या घरच्यांसाठी. केंद्राच्या गट क च्या, तांत्रिक नसलेल्या पदांना पदवीची अट असेल आणि तुम्ही दहावी होऊन १५ वर्षं नोकरी केली असेल, तर तुम्ही अर्ज करू शकता. हे अनेकांना माहीतच नसतं. चाळिशीच्या आत बाहेर पडलेला हवालदार सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसतो. त्यात कमीपणा काही नाही, पण दुसरं काही आहे हे न कळल्यामुळे बसला असेल तर मला वाईट वाटतं. सुरक्षारक्षकाचंच काम करायचं असेल तर पुण्याचं राज्य सरकारी महामंडळ 'मेस्को' आधी विचारा. ते माजी सैनिकांसाठीच आहे.

दुसरं, स्पर्शचं लॉगिन. पहिल्यांदा आत गेलात की ते तुमची माहिती तपासून घ्यायला सांगतं. इथे घाईत सगळीकडे 'बरोबर' दाबत जाऊ नका. बायकोचं नाव, तिची जन्मतारीख, मुलं, खातं क्रमांक वहीतल्या पानाशी ताडून बघा. सायबर कॅफेतल्या पोराच्या हातात सोडून चहाला जाल तर तो बिचारा पटापट पुढे जाणारच. मोबाइल नंबर आणि पासवर्ड घरच्यांना माहीत असू द्या. खातं बायकोबरोबर संयुक्त ठेवा.

पेन्शनची पहिली रक्कम हातात आली की बरेच जण दचकतात. पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतलेला असतो, त्याला कम्युटेशन म्हणतात. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन अशी विकता येते. तेवढा भाग दरमहा वजा होतो आणि १५ वर्षांनी परत जोडला जातो. महागाई भत्ता मात्र न विकलेल्या, मूळ पूर्ण पेन्शनवर मिळतो. समान पद समान निवृत्तिवेतन (ओआरओपी), म्हणजे पद आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी, १ जुलै २०१४ पासून लागू आहे, दर पाच वर्षांनी त्याचे तक्ते नवे होतात. २०१९ नंतरची फेरी १ जुलै २०२४ ची. आपलं पद, गट आणि नोकरीची वर्षं तक्त्यात शोधा आणि स्पर्शवरच्या आकड्याशी लावून बघा.

कॅन्टीन कार्डाबद्दल मी काही लिहिणार नाही. तो रस्ता प्रत्येकाला पाठ असतो.

दवाखाना

ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झालं. त्यानंतर पेन्शन आलेल्यांची वर्गणी बाहेर पडतानाच कापली जाते: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांची १,२०,०००. एकदाच. युद्धविधवांना ती माफ आहे, १९९६ च्या आधी पेन्शन आलेल्यांनाही. या एका वर्गणीत नवराबायको जन्मभर आणि अवलंबून असलेले घरचे अटींनुसार.

अटी अशा. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा कमवायला लागेपर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत, यातलं जे आधी. मुलगी कमवायला लागेपर्यंत किंवा लग्नापर्यंत. आईवडील, त्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत असेल तर. प्रत्येकाचं कार्ड वेगळं. मुलगा नोकरीला लागल्यावर त्याचं कार्ड गुपचूप चालू ठेवू नका. पकडलं गेलं तर सगळ्या घराचं कार्ड अडकतं, आणि ते नेमकं आईला दवाखान्यात न्यायच्या दिवशी कळतं.

चालतं कसं? आधी पॉलिक्लिनिक. सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर अशा ठिकाणी ती आहेत. तिथले डॉक्टर तपासतात, औषध देतात, आणि गरज असेल तर रेफरल, म्हणजे पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी, देतात. रेफरल घेऊन नोंदणीकृत खासगी दवाखान्यात जायचं, तिथे पैसे भरायचे नाहीत. रेफरलवर काय लिहिलंय ते दारातच वाचा. 'तपासणी' लिहिलेल्या चिठ्ठीवर ऑपरेशन होत नाही, आणि मग परत पॉलिक्लिनिक. औषध शिल्लक नसेल तर तसं लिहून घ्या, तोंडी "पुढच्या आठवड्यात या" यावर भागवू नका. सकाळी लवकर पोहोचा. साडेअकराला पोहोचून रांगेला शिव्या देणारे आमचेच लोक आहेत.

रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर रेफरल शोधत बसायचं नाही. जवळ नोंदणीकृत दवाखाना असेल तर थेट तिथे, कार्ड दाखवायचं, पुढची कळवाकळव दवाखाना करतो. नोंदणीकृत नसलेला दवाखाना जवळ असेल तर तिथेच न्या, जीव आधी. पण मग बिल आधी तुम्हाला भरावं लागतं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. नंतर परतावा मिळतो, तोही सरकारी दराने. खासगीचं पूर्ण बिल परत येईल असं धरून चालू नका. प्रत्येक कागदाची मूळ प्रत, डॉक्टरांचं 'तातडीची स्थिती होती' असं स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कार्डांचे फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

हयातीचा दाखला

नोव्हेंबर हा जुना रिवाज. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पण स्पर्शवर तुमच्या नावासमोर पुढची तारीख दिसते, तुमच्यासाठी तीच खरी.

घरबसल्या 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहरा दाखवून होतो. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत, शेतात राबलेल्या हातांचे तर मुळीच नाही. चेहऱ्याची सोय त्यामुळे खरोखर चांगली आली. इथे एक ठरलेली चूक होते. ॲप विचारतं, पेन्शन मंजूर करणारं कार्यालय कोणतं आणि देणारं कोणतं. लोक देणाऱ्याच्या जागी बँक निवडतात. थलसेनेच्या पेन्शनरने मंजुरीला 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि देणाऱ्याला 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं. शहराचं नाव बदललं तरी यादीत जुनंच आहे, म्हणून लोक प्रयागराज शोधत बसतात. बँक निवडली तर दाखला 'यशस्वी' दिसतो पण पोहोचत नाही, आणि काही दिवसांनी पेन्शन थांबते.

हयातीच्या दाखल्यासाठी कुणीही फोन करून ओटीपी मागत नाही. मागितला तर फोन ठेवा.

८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. आता त्या १ जूनची आणि १ जानेवारीची गोष्ट आठवा. रेकॉर्डला जन्मतारीखच नसेल तर आजी ऐंशीच्या कधी झाल्या हे स्पर्शला कळायचं कसं?

तो गेल्यावर

हा भाग वहिनींसाठी, काकूंसाठी, मुलांसाठी. हळू वाचा.

तेराव्यापर्यंत कुणी कागदाला हात लावू नये असं वाटतं, आणि ते बरोबरही आहे. पण दोन गोष्टी तेवढ्यातही करा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मृत्यूची नोंद करताना नाव डिस्चार्ज बुकातलंच लिहायला सांगा, घरचं हाकेचं नाव नको. दाखल्याच्या दहा प्रती घ्या. आणि त्याच्या खात्यात पुढच्या महिन्याची पेन्शन जमा झाली तर ती काढू नका. ते पैसे सरकार परत घेतं, आणि फॅमिली पेन्शनमधून कापलं जाऊ लागलं की बाईला वाटतं आपल्याला कमी मिळतंय.

मग स्पर्शवर मृत्यूची सूचना द्या. स्वतःला जमत नसेल तर स्पर्शचं सेवा केंद्र, गावचं सीएससी केंद्र किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. लागतात ते कागद: मृत्यूचा दाखला, पीपीओ, बायकोचं आधार, पॅन आणि तिच्या नावाचं खातं. पीपीओमध्ये तिचं नाव आणि जन्मतारीख असेल आणि ती आधारशी जुळत असेल तर प्रकरण सरळ जातं. सैनिक विमा निधीचा विमा चालू होता का तेही त्याच वेळी रेकॉर्ड ऑफिसला विचारा. कुणी आपणहून सांगत नाही.

फॅमिली पेन्शन किती? शेवटचा हिशेबी पगार, म्हणजे पेन्शनसाठी धरला जाणारा, ५०,००० होता असं धरू. पेन्शनर घरी आल्यावर वारला तर सुरुवातीला वाढीव दराने, म्हणजे निम्मे, २५,००० मिळतात. हे ७ वर्षं, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तो दिवस, यातलं जे आधी तिथपर्यंत. त्यानंतर ३० टक्के, म्हणजे १५,०००. दोन्हींवर महागाई भत्ता वेगळा, आणि मूळ फॅमिली पेन्शन ९,००० च्या खाली जात नाही. सात वर्षांनी रक्कम एकदम उतरते तेव्हा बायका घाबरून येतात, कुणीतरी फसवलं म्हणून. फसवलेलं नसतं. आणखी एक: नवऱ्याने पेन्शन विकलेली असली तरी त्याची कपात बायकोच्या पेन्शनमधून होत नाही. होत असेल तर ती चूक आहे, तक्रार करा.

नोकरीत असतानाच आणि नोकरीच्या कारणाने मृत्यू आला तर विशेष फॅमिली पेन्शन, पगाराच्या ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी झुंजताना आला तर उदारीकृत, म्हणजे पूर्ण पगाराएवढी. केंद्राचं सानुग्रह अनुदान प्रसंगानुसार २५, ३५ किंवा ४५ लाख रुपये आहे. कामी आलेल्या जवानाच्या कुटुंबाला महाराष्ट्र सरकार १ कोटी रुपये देतं. वीरनारीच्या घरी पहिल्या महिन्यात युनिट, रेकॉर्ड, जिल्हाधिकारी, पुढारी सगळे येतात. सहाव्या महिन्यात कुणी येत नाही. म्हणून मृत्यू कुठल्या प्रकारात धरला हे सांगणारा कागद पहिल्याच महिन्यात मागून घ्या. युद्धात, कर्तव्यावर की नैसर्गिक, त्या एका शब्दावर सगळे आकडे ठरतात.

पेन्शन नसलेले, आणि मुलांचं शिक्षण

पेन्शन नाही पण माजी सैनिकाचा दर्जा आहे असे बरेच म्हातारे खेड्यांत आहेत. त्यांना वाटतं आपल्याला काहीच नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरमहा मदत मिळते. ती ४,००० होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत तेव्हाच दरमहा १,००० वरून २,००० झाली, पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपुरती. मुलीच्या लग्नाचं अनुदान ५०,००० वरून १ लाख, दोन मुलींपर्यंत. विधवेच्या पुनर्विवाहालाही ते मिळतं. लग्नाचा अर्ज १८० दिवसांत करायचा, आणि लग्नाची नोंदणी झालेली हवी. हळदीचे फोटो पुरावा म्हणून चालत नाहीत, कुणीतरी खरंच आणले होते.

बारावीला किमान ६० टक्के आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्ती: मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५००. वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलींच्या. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर, कॉलेजच्या शिक्क्यानिशी. कॉलेजचा क्लर्क शिक्का द्यायला आठवडा लावतो, तो आठवडा धरून चाला.

घरपट्टी. २०२० पासून महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका राहत्या घराच्या मालमत्ता करातून माफी आहे. ती आपोआप होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला अर्ज द्यावा लागतो. "आमच्याकडे असा काही आदेश आला नाही" हे उत्तर मिळालं तर शासन निर्णयाची प्रत अर्जाला लावा आणि पोच घ्या.

अग्निवीरांचे आईवडील हल्ली विचारतात. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन, ईसीएचएस आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्याला सेवानिधीची रक्कम मिळते. वर लिहिलेलं बहुतेक त्याला लागू नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

अडलं तर

तोंडी काहीही करू नका. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. डाकेने पाठवला तर पावती अर्जाला टाचून ठेवा. महिना गेला की त्याच अर्जाचा संदर्भ देऊन दुसरा. स्पर्शवर तक्रार टाकली तर तिचा क्रमांक वहीत लिहा. तिथे हलत नसेल तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, आणि पेन्शन अदालत जवळपास भरली तर तिथे कागद घेऊन हजर राहा. हिशेबाच्या चुका तिथे समोरासमोर सुटतात. दिव्यांग पेन्शन नाकारली, मृत्यूचा प्रकार चुकीचा धरला, अशा मोठ्या गोष्टींना सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत. जुलै २०२५ पासून सैनिक कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजनाही सुरू झाली आहे, सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. कमिशनवर पेन्शन "काढून देणाऱ्या" माणसाला मूळ कागद देऊ नका. एका आजीचं डिस्चार्ज बुक अशा माणसाकडून सोडवायला आम्हाला तालुक्याचं ठाणं गाठावं लागलं होतं.

शांताकाकूंचं काम सात महिन्यांनी झालं. आधारवर तारीख एकदाच बदलता येते म्हणून आधी शाळा शोधली. ती बंद पडलेली, दप्तर शेजारच्या गावच्या शाळेत हलवलेलं. तिथल्या जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, शांता, जन्म १ जून. दाखल्याची प्रत हातात घेऊन काकू बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मी तिसरीपर्यंत गेले होते व्हय?"